बोरिंगचा दांडा

धान रोवून परतलेल्या बाया गुडघाभर चिखल घेऊन टोलीत, गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत शिरल्या, तर बुद्धविहारासमोरच्या बोरिंगच्या हातपंपापाशी उपसरपंच भूपेंद्र उभा. त्याचा माणूस पान्यानं दांड्याचा नट फिरवत होता.

"हे काय लावलं भाऊ?" तुळसानं विचारलं.

"उद्या तालुक्यावरून साहेब येऊन राहिले काकू. घरोघरी नळ लागले का म्हून पाहाले. बोरिंग चालू दिसली तं म्हनतीन, नळाले पानी नाही. आज दांडा काढतो, मंग सारीच उपटून टाकू. जुनी झाली, कुईकुई करते."

"माहे गुडघेबी करतेत. मलेबी उपटून टाकता का?"

बाया हसल्या. तुळसा नाही हसली. नळ तिच्याही दारात होता, चकचकीत तोटीचा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! लाईट असली, मोटर चालली, आणि भूपेंद्रच्या गल्लीतल्या पाणी सोडणाऱ्या माणसाला आठवण झाली, तर तो टोलीकडची चावी फिरवायचा. मग सुतळीएवढी धार यायची. टोलीतलं कोणी ग्रामसभेत जास्त बोललं, की तो नेमका विसरायचा. आता याला योगायोग म्हणायचं तर म्हणा बापा.

तुळसाची सासू गिरजाबाई भूपेंद्रच्या आजाच्या विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर रिकामी घागर घेऊन नाल्यावर. टोलीत बोरिंग लागली त्या दिवशी म्हातारीनं पहिली घागर भरली आणि तिथंच मातीत बसून रडली. मरेपर्यंत म्हणायची, "पोरी, इच्यासाठी कोनाले इचाराव लागत नाही." नळाचा तुळसाला राग नव्हता. चावी दुसऱ्याच्या हातात, याचा होता.

तिनं पानेवाल्या माणसाच्या हातातून निघालेला दांडा हिसकला. "काढला तं काढला. हा माह्या घरी राहीन."

"न्या ना, उशाले घेऊन झोपा," भूपेंद्र हसला.

दुसऱ्या दिवशी रोवण्याचं काम बुडवून साऱ्या बाया टोलीतच थांबल्या. सकाळपासून लाईट नव्हती. साहेबांची गाडी आली. साहेब काळ्या चकचकीत बुटात उतरले आणि नळासाठी खोदून अर्धीच बुजवलेल्या नालीत मांडीपर्यंत चिखलात गेले. दोघांनी ओढून काढलं. भूपेंद्रनं धावत जाऊन जवळच्या दारची तोटी फिरवली. फुस्स करून हवा आली. दुसऱ्या दारी तर तेवढीही नाही.

"तुळसाकाकू, घरातलं गुंडभर पानी द्या."

"कुठून देऊ? कालपासून बोरिंग बंद हाय. गुंड पालथे पडले."

"मंग दांडा तरी द्या. पाया पडतो."

"पाया पडू नका. हापसा."

दांडा तिनं स्वतः बसवला, नट आवळला आणि बाजूला झाली. "आमच्या टोलीत ज्याले पानी पाहिजे तो हापसते."

इस्त्रीच्या कपड्यात भूपेंद्र हापसू लागला. कुईकुई, कुईकुई. धार लागली. साहेबांनी पाय धुतले, बूट धुतले, तोंडावर पाणी मारलं, मग ओंजळीनं पिऊनही घेतलं.

"पाणी तर चांगलं आहे. बंद का होती ही?"

भूपेंद्र मान खाली घालून आणखी जोरात हापसू लागला.

"बंद नवती साहेब, दांडा माह्या घरी होता," तुळसा म्हणाली. "आता तो निघनार नाही. ज्याले काढाचा हाय त्यानं साऱ्या टोलीच्या देखत काढाव."

साहेबांनी भूपेंद्रकडं पाहिलं. भूपेंद्रनं दांडा सोडला, तशी तुळसानं सासूची पितळी घागर बोरिंगच्या तोंडाखाली ठेवली.

"थांबता काहून भाऊ? आता माही भरा."

साहेबांसमोर नाही म्हणता येईना. तो हापसत राहिला. तुळसा कमरेवर हात ठेवून उभी होती. घागर काठोकाठ भरेस्तोवर तिनं बोटही लावलं नाही. तिच्यामागे रंभाबाईनं आपला गुंड ठेवला, रंभाबाईमागे आणखी कोणी. घाम पुसायला भूपेंद्रनं मान वर केली, तर रांग विहाराच्या पायरीपर्यंत गेली होती.