पहिल्या गिअरमध्ये

रंगाऱ्याच्या नाकावर राग बाराही महिने असे. रमजानात तो नाकावरून उतरून थेट हातात येई. दिवसभर बिडी नाही की चहा नाही, आणि उन्हात शिडीवर उभं राहून दुसऱ्यांच्या भिंती रंगवायच्या. बहिणीला गाडी शिकवायचं त्यानं याच महिन्यात का कबूल केलं, ते तोच जाणे.

बहीण लाँड्रीत इस्त्री करायची. रोजा धरून त्या वाफेत उभं राहिलं की तिला घेरी यायची. लाँड्रीला कपडे पोचवायला ड्रायव्हर हवा होता. मालक म्हणाला होता, "लायसन्स आण, गाडी तुझी."

रोज कामावरून सुटल्यावर भाऊ तिला आपल्या खटारा व्हॅनमध्ये बसवायचा. मागे रंगाचे डबे खडखडायचे.

"बुटके, क्लच!" म्हणत तो रंग ढवळायची काठी तिच्या डाव्या गुडघ्यावर हाणायचा.

"भाई, मारून गाडी येते होय?"

"अब्बांनी मला असंच शिकवलं."

"म्हणून तर असा निघालास!"

त्यावर तो हसायचा, आणि पुढच्या वळणावर पुन्हा हाणायचा. गुडघा काळानिळा पडला होता.

त्या संध्याकाळी चौकातच गाडी बंद पडली. मागून एका टेम्पोनं हॉर्नचा गजर लावला. तिनं किल्ली फिरवली, गाडी आचका देऊन पुन्हा बंद. टेम्पो बाजूनं पुढे आला आणि आडवा थांबला. उतरलेला गडी दाराएवढा रुंद होता. तो खिडकीशी आला, त्यानं तिच्या आईबहिणीचा उद्धार केला आणि ओढणीसकट तिचे केस धरून डोकं दाराच्या कडेवर आपटलं. तिचा ओठ फाटला. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

भाऊ कधी उतरला ते तिला कळलंच नाही. काठी त्या माणसाच्या कानशिलावर बसली आणि मोडली. गडी हेलपाटला, टेम्पोकडे धावला आणि चाकं खोलायची पहार घेऊन आला. पहिला घाव भावाच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला गाडीत ऐकू आला. दुसरा खांद्यावर. भाऊ खाली पडला आणि एका हातानं सरपटत फुटपाथकडे निघाला. आजूबाजूला माणसं गोळा झाली होती, पण पुढे कोणी येईना.

गडी व्हॅनसमोर, टेम्पोला पाठ लावून उभा होता. त्यानं तळहातावर थुंकून पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

तिनं किल्ली फिरवली. क्लच, पहिला गिअर. पाय हळूच सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गाडी आचका न देता निघाली.

व्हॅनचं नाक त्याच्या मांडीला लागलं आणि पाय टेम्पोच्या लोखंडात चिरडला गेला. पहार खणखणत पडली. तो ओरडला तसं जनावरसुद्धा ओरडत नाही. काचेपलीकडे त्याचा चेहरा तिच्या अगदी समोर होता. आता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, हे तिला कळत होतं. तिनं उचलला नाही. उलट दाबला.

"बस!" फुटपाथवरून भाऊ किंचाळला. "मरेल तो! मागे घे, बुटके!"

तेव्हा कुठे तिनं गाडी मागे घेतली.

आता माणसांना कंठ फुटला. दोघांना उचलून त्यांनी व्हॅनमध्ये मागे, डब्यांच्या मधे घातलं. तिच्या ओढणीनं गड्याची मांडी करकचून बांधली. दवाखान्यापर्यंत तीच घेऊन गेली. मागे निळा रंग सांडला होता आणि त्यात रक्त मिसळत होतं. गडी "पाणी, पाणी" करत होता. दोन रोजेदारांच्या गाडीत पाणी कुठलं?

"थोडं राहिलंय," भाऊ कण्हत त्याला म्हणाला. "झोपू नकोस, हरामखोरा. डोळे उघड."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गड्याचा पाय मांडीतून कापावा लागेल. भावाचा हात प्लास्टरमध्ये गेला. बाकावर बसल्या बसल्या तो कुजबुजला, "मी चालवत होतो म्हणून सांग."

"तू जमिनीवर लोळत होतास, भाई. अख्ख्या चौकानं पाहिलंय."

"मग पाय घसरला म्हण."



तेवढ्यात गड्याची बायको आली. कोणीतरी बोट दाखवताच ती सरळ बहिणीवर धावली. एक थोबाडीत, मग दुसरी. फाटलेला ओठ पुन्हा उघडला. भाऊ ताडकन उठला, धड असलेला हात उगारून.

"खाली बस," ती म्हणाली. "हात खाली घे आधी."

तो बसला. बायकोनं तिसरी लगावली, पण तिच्यात जोर नव्हता. मग ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि ऊर बडवू लागली.

बाहेर अजान झाली. वॉर्डबॉयनं पाण्याचा ग्लास आणून दिला. तिनं घोट घेतला. पाणी ओठांवर झोंबलं आणि रक्ताच्या चवीसकट पोटात गेलं. उरलेला ग्लास तिनं खाली बसलेल्या बाईपुढे ठेवला. बाईनं तो लाथेनं उडवला.

दारात हवालदार उभा होता. "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," ती उठली. "पहिला धक्का भावाला वाचवायला दिला. त्यानंतर दाबली ती माझ्या रागानं. दोन्ही लिहून घ्या."