काळ्या किनारीतला दात

मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे. माझा भाता दोन ठिकाणी चिकटवलेला आहे आणि चोवीस वर्षं मी मनात एक सूड जपला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब गाईसारख्या असतात. मी तसा नाही, आधीच सांगतो.

यॉर्कशरमधल्या स्केलबेक गावात एनिड हार्करने मला विकत घेतलं. तिचा नवरा वॉल्टर कुरणांभोवती नुसत्या दगडांचे गडगे रचायचा. माझ्या पोटातल्या चौकटीवर एक बारीक कुसळ होतं, त्याने फिल्मवर ओरखडे पडायचे. वॉल्टर कानस घेऊन ते घासायला बसला. कानस घसरली आणि चौकटीच्या कडेला खाच पडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोच्या काळ्या किनारीत चित्राचा एक इवलासा दात घुसलेला दिसतो.

"दगडं फोडणाऱ्याने घड्याळजीची कामं करू नयेत," एनिड म्हणाली.

"असू दे गं. माझी सही समज," वॉल्टर म्हणाला.

आम्ही पुष्कळ हिंडलो. पडका मठ, धुक्यातल्या टेकड्या, चर्चची घंटा, पावसात भिजत जत्रेला उभी असलेली माणसं, सगळं मी टिपलं. राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी गाव सभागृहात हॅम सँडविच खात होतं आणि वॉल्टर मठाजवळचा ढासळलेला गडगा रचत होता. "मेंढ्यांना राणी कळत नाही, भगदाड बरोबर कळतं," तो म्हणाला. टोपीत मात्र त्याने कागदी झेंडा खोचला होता. क्षणभर ऊन पडलं, तो दगडावर वाकला आणि एनिडने कळ दाबली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर फोटो.

त्या हिवाळ्यात वॉल्टरने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. त्याच्या उशाशी लावायला एनिडला तो फोटो मोठा करून हवा होता. तिने फिल्म फोटो मंडळाचा चिटणीस क्लाइव्ह बेलर्बी याच्याकडे दिली.

"हरवली हो, मिसेस हार्कर. मलाच इतकं वाईट वाटतंय," तो आठवड्याने म्हणाला.

वॉल्टर फोटो न पाहताच गेला. मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तोच फोटो आला. कडा कापलेल्या, नाव 'जुना गडगा', खाली क्लाइव्ह बेलर्बी! पोस्टात एनिडने तो पाहिला तेव्हा क्लाइव्ह शेजारीच उभा होता आणि मी तिच्या पिशवीत होतो. म्हटलं, आता याची खरडपट्टी निघणार. आणि एनिड काय म्हणाली?

"छान आलाय, मिस्टर बेलर्बी."

काय करायचं या माणसांचं! यांच्या पायावर कुणी पाय दिला तरी हेच माफी मागतात. घरी येऊन ती ओक्साबोक्शी रडली. "माझं नाव गेलं तर गेलं. तमाशा नको," एवढंच म्हणाली. मला तोंड असतं तर मी पोस्टातच बोंब ठोकली असती.

पुढे एकदा त्या बहाद्दराने मलाच उसनं नेलं. मी शटर असं अडकवून ठेवलं की त्याची दोन रिळं कोरी निघाली. "खटारा आहे नुसता!" म्हणून त्याने मला परत केलं. मग मी कपाटात पडलो. कुणी धूळसुद्धा पुसली नाही.

राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. एनिडने मला आणि तिच्या छोट्या फोटोंच्या वहीला जुन्या वस्तूंच्या टेबलावर ठेवलं. समोरच्या भिंतीवर तोच फोटो होता, दाराएवढा. या खेपेस क्लाइव्हने काळ्या किनारीसकट अख्खा छापला होता.

"डोळा कसलेला असला की कापाकापी लागत नाही," तो सांगत होता.

खाली चिठ्ठी होती: 'अनोळखी मजूर. छायाचित्र: क्लाइव्ह बेलर्बी.' वॉल्टरला तो चांगला ओळखत होता. पण नाव लिहिलं असतं तर हार्करचा फोटो याने कधी काढला, असं कुणीतरी विचारलं असतं.

एनिडने कपबशी हातात घेऊनच ती चिठ्ठी वाचली. "अनोळखी?" ती म्हणाली.

तिने कप खाली ठेवला, मला उचललं आणि माझी पाठ उघडली. "मिस्टर बेलर्बी, तसदी नसेल तर इथे बोट ठेवता?"

सगळे बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. बोट खाचेत गेलं.

"आता तुमच्या फोटोची किनार बघा."

खाटकाची बायको मिसेस ओल्डरॉईड चष्मा लावून पुढे झाली. मग तिने टेबलावरची वही चाळली. "अगं बाई! एनिडच्या प्रत्येक फोटोला हाच दात आहे की!"

"हा कॅमेरा मी एकदा नेला होता..." क्लाइव्ह चाचरला.

"नेला होतात. एकही फोटो आला नव्हता. खटारा म्हणाला होतात."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. एनिडने पर्समधून पेन काढलं. "मी सांगते, तुम्ही लिहा." आणि त्याने सगळ्यांसमोर लिहिलं: 'वॉल्टर हार्कर, गडगे रचणारा. छायाचित्र: एनिड हार्कर.'

"आभारी आहे," एनिड म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका. त्यांच्यावर दया करा असं नाही म्हणत मी. त्यांच्या अंगावरच्या खाचा कुणाच्या हातच्या आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

एनिडने त्याला माफ केलं. मी नाही केलं. दर गुरुवारी मंडळाच्या बैठकीला क्लाइव्ह अजून येतो आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. फोटोखालच्या फळीवर आता माझी जागा आहे. माझी काच उघडी असते आणि तोंड त्याच्या खुर्चीकडे.