पैऱ्याचा दिवस

स्नेहलचं टाळकं सकाळीच सटकलं होतं. सटकणारच की! आज शेजारच्या ठकुबाईच्या खाचरात भाताची लावणी. गेल्या आठवड्यात ती म्हातारी स्नेहलच्या खाचरात दिवसभर वाकली होती. तो पैरा आज फेडायचा. घरात माणसं दोनच. त्यात वडलांचा, कुंडलिकआण्णांचा, पाय प्लास्टरमध्ये. म्हणून स्नेहलनं रजा घेतली होती, ती मंजूरही झाली होती. तरी ऑफिसातून शेफाली मॅडमचा फोन आलाच.

"अगं, कोड आता मशीनच लिहितं. तू नुसतं मंजूर करायचं. त्याला रजा कशाला लागते?"

आधी असं नव्हतं. इथं गावी, विंझरला, घरून काम सुरू केलं तेव्हा सकाळी डोकं ताजं असताना ती स्वतः कोड लिहायची, दुपारी तपासायची, दिवेलागणीला लॅपटॉप मिटायची. आता दिवस उजाडल्यापासून मशीननं ओकलेलं वाचायचं, त्यातल्या चुका काढायच्या, आणि वर 'स्नेहल फार वेळ लावते' हे ऐकून घ्यायचं. आपल्या कामाचं असं मातेरं झालेलं बघून तिचा जीव जळायचा.

"जा तू," आण्णा खाटेवरून म्हणाले. "पैरा बुडवला तर आपल्या बांधाला कुत्रं फिरकायचं न्हाई. ते मंजुरीचं हिरवं बटण म्या दाबतो."

"आण्णा, ते वाचून दाबायचं असतं!"

"मला कुठं इंग्रजी येतंय?"

"मग तसंच दाबा! मरू दे मेलं!" म्हणत ती तणतणत खाचराकडं निघाली.

संध्याकाळी कंबर धरून परतली, तर आण्णा लई खुशीत. "एक बी सोडलं न्हाई बघ. आलं की दाबलं."

ती तशीच लॅपटॉपकडं धावली. तेवढ्यात पुन्हा शेफालीचा फोन.

"स्नेहल, कमाल केलीस! आज पहिल्यांदा तुझ्यापाशी काही अडलं नाही. उद्यापासून सगळ्यांना हाच वेग."

"मॅडम, मी रानात होते. बटण वडलांनी दाबलंय. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही!"

 पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "हे कुणाला सांगू नकोस. वेग मात्र तेवढाच ठेव."

"आग लागो तुमच्या वेगाला!" स्नेहल ओरडली, पण फोन कधीच ठेवलेला होता. इतके दिवस डोळे फोडून वाचलं, ते काय गाढवपणा म्हणून?

आण्णा भेदरले. "माझं काय चुकलं का गं?"

"चुकलं असलं तरी तितं कुणाला कळायचं न्हाई, आण्णा," ती म्हणाली, आणि चिखलाच्या हातांनीच, त्यांनी मंजूर केलेलं पहिल्यापासून वाचायला बसली.