तीस किलोच्या आतलं जनावर

किल्लीआजोबांनी पायजमा गुडघ्यांच्या वर खोचला, चष्मा शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून ते हॉलच्या उंबऱ्याशी कुत्र्याच्या शेजारी उभे राहिले. म्हणजे चार पायांवर जेवढं उभं राहता येतं तेवढं.

"चला वकीलसाहेब," ते म्हणाले. "आपली तारीख लागली."

कुत्र्याचं नावच वकील. फी पुढ्यात पडल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, आणि पडल्यावरही खाण्यापुरतंच उघडी. पाच वर्षांत तो भुंकलेला कुणी ऐकला नव्हता.

दोघं निघाले. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बरोबर वर, साबणाच्या वडीएवढा पांढरा सेन्सर बसवलेला होता आणि त्याच्या पोटात एक हिरवा ठिपका होता. हॉलमधून माणूस चालला की ठिपका लाल होई, बाहेरचा भोंगा अख्ख्या गल्लीला कामधाम सोडायला लावी आणि मुलाच्या फोनवर निरोप जाई. कुत्रा चालला तर काही नाही. गेले तीन आठवडे त्या हॉलमधून रोज दोन कुत्री जात होती.

आजोबांची चाळीस वर्षं कुलपांत गेली. एका सावकाराची मिशी तिजोरीच्या दारात अडकली होती, ती तिजोरी आपण मिशीचा केस न तुटता उघडली, असं ते सांगत. आणि दर वेळी सांगताना मिशी बोटभर वाढे. अशा माणसाच्या घरात गल्लीतल्या दोन भरदिवसा घरफोड्यांनंतर मुलाने यंत्र आणून बसवलं, हा अपमान त्यांनी गिळला. मुलगा आणि सून सकाळी नऊला कामावर जात, तेव्हा यंत्र चालू होई. मागची खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर आजोबांचं, हॉल यंत्राचा.

बसवायला आलेल्या कारागिराने नीट समजावून सांगितलं होतं. या डोळ्याला हलणारी ऊब दिसते. पण तीस किलोच्या आतलं, जमिनीलगत चालणारं जनावर तो सोडून देतो.

"आणि चोर रांगत आला तर?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, रांगत यायची वेळ आलेला चोर असेल, तर नेऊ द्या बिचाऱ्याला टीव्ही."

जाता जाता कारागिराने एवढं मात्र बजावलं, की कुत्र्याला सोफ्यावर चढू देऊ नका. उंचावर गेला की तो यंत्राच्या लेखी माणूस.

पहिल्या आठवड्यात भोंगा चार वेळा बोंबलला. एकदा वकील सोफ्यावर चढला म्हणून, आणि तीन वेळा आजोबा हॉलमध्ये शिरले म्हणून. चारही वेळा मुलगा काम टाकून धावत आला. चौथ्यांदा तो ओरडला नाही. हेल्मेटसकट सोफ्यावर बसला, आणि हळू आवाजात बोलला, तेच आजोबांना जास्त लागलं.

"बाबा, आता पुन्हा हा वाजला, तर मला तुम्हाला कुठंतरी ठेवावं लागेल. जिथं दिवसभर माणसं लक्ष ठेवतात, अशा ठिकाणी."

"इथं हा डोळा ठेवतोय की."

मुलगा उठून पुन्हा कामावर गेला.

त्या दिवसापासून आजोबांनी शाळा काढली. विद्यार्थी दोन. वकिलासाठी वर्तमानपत्राची गुंडाळी: ती जमिनीवर आपटायची, "खाली!" म्हणायचं, तो उतरला की बिस्किट आणि "शाबास". शाळा भरायची ती मुलगा-सून घरी असताना, यंत्र बंद असताना. पंधरा दिवसांत वकील असा तयार झाला की सोफ्यावर बिस्किट ठेवलं तरी तो त्याच्याकडे पाठ करून बसे. दुसरा विद्यार्थी थोडा वयस्क होता, पण चिकाटीचा. सुनेच्या काट्यावर आजोबा त्रेचाळीस किलो भरत. वरचे तेरा किलो यंत्राने वयाकडे पाहून सोडले असावेत. कोपर आत, मान खाली, वकिलाच्या अंगाला अंग लावून गेलं की ठिपका हिरवाच राही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं खिडकीखाली तर यंत्राला काहीच दिसत नसे. तिथं एक बैठं स्टूल होतं. तिथवर पोचलं की जिंकलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर खिडकीतून समोरचं दुकान दिसे म्हणून. ते आजोबांचंच, आता दुसऱ्या माणसाचं. शटरचं कुलूप आजोबांनी स्वतः घडवलं होतं. किल्ली घातल्यावर जरा उचलायची आणि मग फिरवायची. दुकान विकताना त्यांनी सगळं दिलं, फक्त हे सांगायचं राहिलं. मुद्दाम राहिलं. रोज अकराला नवा मालक कुलपाशी झटे, कपाळाचा घाम पुसे, शटरला शिव्या देई. आणि रस्त्यापलीकडे स्टुलावर बसलेला म्हातारा पोट धरून हसे. दिवसभरात तेवढं एकच हसू होतं.

आज हॉलच्या मधोमध गालिच्याला चुणी पडली होती. आजोबांचा डावा हात तिच्यावरून घसरला, अंग कुशीवर आदळलं आणि खुब्यात काहीतरी मोडलं. आवाज त्यांना ओळखीचा वाटला. गंजलेल्या कुलपाची कडी अशीच तुटते.

थोडा वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. मग पाय हलवून पाहिला, आणि डोळ्यांपुढे काळोख आला.

बाहेर दुकानाचं शटर खडखडत वर गेलं. म्हणजे अकरा वाजले. आज माणसाने कुलूप झटापट न करता उघडलं होतं. जमलं वाटतं त्याला, आजोबांच्या मनात आलं, आणि ते उगाच आणखी पडल्यासारखे झाले.

हाका मारून झाल्या. खिडकी बंद, रस्ता गजबजलेला. हाक सोफ्यापर्यंत जाऊन परत येई. फोन मागच्या खोलीत, उशीवर. सून यायची सहाला.

मग त्यांनी वर पाहिलं. हिरवा ठिपका.

वाज, ते म्हणाले. आधी मनात, मग उघड. त्यांनी हात वर करून हलवला. खिशातला चष्मा काढून फेकला, पायातली सपात काढून फेकली. सपात सेन्सरखालच्या भिंतीवर आपटून पडली. पण यंत्राला ऊब लागते, आणि चामड्याला कसली ऊब. कोपरांवर रेटून त्यांनी अंग वर उचलायचा प्रयत्न केला. वीतभर उचललं गेलं. वीतभर उंचीची जनावरं यंत्राने बरीच पाहिली होती.

वकील बाजूला बसून हे सगळं बघत होता.

आजोबांना कारागिराचं वाक्य आठवलं. सोफा चार हातांवर होता.

"वकील," ते म्हणाले. "वर. सोफ्यावर. चढ बाळा."

वकिलाने सोफ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि सोफ्याकडे पाठ करून ताठ बसला. शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं. बिस्किटाची वेळ झाली आहे असं त्याचं मत होतं.

आजोबांनी लाडीगोडी लावली. धमकावलं. तुझ्यासारखा अशील बुडवणारा वकील पाहिला नाही, म्हणाले. हात जोडले. शेवटी गालिच्यावर हात आपटला, तसा वकील सोफ्यापासून आणखी दोन पावलं दूर गेला. शिकवणी चोख होती. तिच्यात एकही फट राहिली नव्हती.

आतून फोन वाजला. म्हणजे एक वाजला. मुलगा रोज एकला फोन करी, जेवलात का विचारायला. आजोबांनी घंटा मोजल्या. अकराव्याला फोन थांबला. आता तो काय करील हेही त्यांना ठाऊक होतं. फोनवर यंत्राचं पान उघडील. हॉल शांत. म्हणजे बाबा आपल्या खोलीत झोपले आहेत, शहाण्यासारखे. आणि डबा उघडून बसेल. त्याचं चुकतं कुठं?

दाराआड अडकलेल्या लोकांना आजोबा आयुष्यभर बाहेरून एकच सांगत आले होते: लाथा मारू नका, गप्प बसा, मी आलोय. लोक खरंच गप्प बसत. त्या बोलण्यातलं "मी आलोय" तेवढंच कामाचं होतं, हे त्यांना आज कळलं.

दुपार सरकली. उन्हाचा पट्टा गालिच्यावरून सोफ्याच्या पायाशी आला. दुखणं आता लाटेसारखं येई, आणि दोन लाटांच्या मधे डोळा लागे. अशाच एका डुलकीत आजोबा स्वप्नात शाळा घेत होते. हॉल होता, हातात गुंडाळी होती, मुलगा हेल्मेट घालून दारात उभा होता.

कसला तरी आवाज झाला म्हणून डोळे उघडले. म्हाताऱ्याच्या कण्हण्याने वकील बेचैन झाला असावा. त्याने पुढचे दोन्ही पाय सोफ्यावर ठेवले होते, मागचा एक उचलला होता, आणि मान वळवून तो आजोबांकडे बघत होता.

"खाली!"

शब्द तोंडातून गेला तेव्हा आजोबा पुरते जागे झाले.

वकील उतरला. एक पाय, मग दुसरा. कान पाडून गालिच्यावरून आला आणि आजोबांच्या कुशीला अंग लावून बसला. नेहमी चालताना लावी तसंच.

आजोबांनी वर पाहिलं. ठिपका हिरवाच. मग पाहायचं सोडलं. कुत्रा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, वाट पाहत.

अखेर त्यांनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"शाबास," ते म्हणाले.