पाहुणा क्रमांक एक

किल्लीकाकांनी बेचाळीस वर्षांत दुसऱ्यांची इतकी दारं उघडून दिली होती की अर्धं शहर त्यांना ओळखायचं आणि उरलेलं अर्धं किल्ली हरवायची वाट बघत होतं. बँकेची तिजोरी म्हणू नका, शाळेचं कपाट म्हणू नका, रागावून स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलेली नवरी म्हणू नका, काका आले की पाच मिनिटांत काम फत्ते. अशा माणसाला स्वतःच्या घरातून बाहेर पडायची चोरी झाली होती, आणि तीही एका कुलपामुळे. नियतीला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी काकांचं दार बघून यावं.

कुलूप मुलीनं बसवलं. तिचंही चुकलं म्हणता येणार नाही. महिन्याभरापूर्वी काका रस्त्यात चक्कर येऊन पडले होते, फोन घरी, आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता. मुलगी दुसऱ्या शहरातून धावत आली, दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी डोळे पुसून तिनं दारावरचं काकांचं जुनं पितळी कुलूप काढलं आणि काळं, गुळगुळीत, निळा दिवा लुकलुकवणारं एक यंत्र तिथे चिकटवलं. आतून काय नि बाहेरून काय, त्यावर बोट ठेवलं की दार उघडायचं. दार उघडलं की मुलीच्या फोनवर निरोप जायचा. कोण गेलं, किती वाजता गेलं, कधी परतलं, सगळं.

"याला किल्लीचं भोक कुठंय?" काकांनी विचारलं.

"बाबा, किल्लीच नाही! तुमचं बोट हीच किल्ली."

काकांना हे कुणी भर चौकात तोंडात मारल्यासारखं लागलं. पण खरी गंमत पुढेच होती. मुलीनं फोनवर घरातल्या माणसांची यादी दाखवली. मालक म्हणून तिचं स्वतःचं नाव, कारण खातं तिनं उघडलेलं. त्याखाली पाहुणा क्रमांक एक म्हणजे काका. पाहुणा क्रमांक दोन म्हणजे काकू.

"मी पाहुणा? हे घर मी बांधलंय!"

"अहो बाबा, त्यात तेवढे दोनच प्रकार आहेत. मनाला लावून घेऊ नका."

काकांनी मनाला लावून घेतलं. काकू मात्र भाजी निवडत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

आता काकांची दुपार सांगायला हवी, कारण सगळं भांडण त्या दुपारीपायीच होतं. रोज तीन वाजता काका कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जात. सलूनवाला, चष्मेवाला, निवृत्त पोस्टमन आणि काका असे चौघे मागच्या खोलीत पत्ते कुटत बसत. डाव काड्यापेटीच्या काड्यांवर चाले. सोबत तीन चमचे साखरेचा चहा. डॉक्टरांनी साखर बंद करून पाच वर्षं झाली होती, पण ही गोष्ट सलूनच्या चहाला कुणी कळवली नव्हती. त्या दोन तासांत काका कुणाचे बाबा नव्हते, कुणाचे पेशंट नव्हते, फक्त पत्ते लपवण्यात पटाईत असा एक लबाड गडी होते.

पहिल्याच आठवड्यात फोन आला.

"बाबा, तीनला निघालात, पाचला आलात. कुठे होतात?"

"जरा पाय मोकळे करायला गेलो होतो."

"दोन तास? रोज?"

त्यानंतर चौथ्या दिवशी मुलीनं कुलपाला आणखी एक गोष्ट शिकवली. दुपारी दोन ते पाच ही विश्रांतीची वेळ. त्या वेळात पाहुण्यानं दार उघडलंच तर तिच्या फोनवर अशी बोंब उठे की ऑफिसातल्या सगळ्यांनी मान वळवून बघावं. काकांनी एकदाच उघडलं. पोरगी मीटिंग सोडून बाहेर आली, फोनवर घाबऱ्याघुबऱ्या आवाजात "बाबा, काय झालं? बरे आहात ना?" म्हणाली, आणि काकांचा पायच उंबऱ्यावरून मागे आला. तिचा तो आवाज त्यांना दोन दिवस विसरता आला नाही. वर लाज वाटली ती वेगळीच. तेव्हापासून ते दुपारी आरामखुर्चीत पडून छताकडे बघत आणि सलूनमध्ये आज कुणी कुणाचा हुकूम मारेल याचा हिशोब करता करता पाचपर्यंत घोरत पडत.

पण बसल्या बसल्या कुलपाकडे बघणं काही सुटेना. सुतार पडल्या पडल्या छताच्या तुळया मोजतो, तसंच ते. एके दिवशी काकांनी त्या यंत्रावर बोट फिरवलं आणि खालच्या कडेला एक बारीक झाकण हाताला लागलं. नखानं सरकवलं. आत किल्लीचं भोक! बॅटरी संपलीच तर असावं म्हणून बनवणाऱ्यांनी गुपचूप ठेवलेलं, आतून एक आणि बाहेरून एक. म्हणजे त्यांचाही आपल्या यंत्रावर पुरता भरवसा नव्हता तर! काकांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. पाच पिनांचं स्वस्तातलं कुलूप. बाहेर एवढा थाट आणि पोटात हे! डोळे बांधले तरी काकांना अर्धं मिनिट पुरलं असतं, आणि यंत्राला त्याचा वाससुद्धा लागला नसता.

हात शिवशिवले. पेटीतून कुलूप उघडायचा आकडा काढलासुद्धा. आणि तिथेच काका अडले.

अडले ते उस्तादांमुळे. काका हे काम ज्यांच्याकडे शिकले त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच नियम घालून दिला होता. मालक शेजारी उभा असेल तरच कुलपाला हात लावायचा, नाहीतर आपल्यात आणि चोरात फरक तो काय? बेचाळीस वर्षांत काकांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. एका बड्या साहेबाला त्यांनी तासभर पायरीवर बसवून ठेवलं होतं, कारण घर बायकोच्या नावावर होतं आणि बायको यायची होती. साहेब तांबडालाल झाला होता, पण काका शेजारच्या पायरीवर बसून शांतपणे शेंगदाणे खात होते.

आता मालक कोण? काकांनी फोन लावला.

"बाळ, या कुलपाचा मालक कोण धरायचा?"

"बाबा, सांगितलं ना, मी. खातं माझ्या नावावर आहे. का हो?"

"काही नाही, सहज."

काकांनी आकडा पेटीत ठेवला. जगात कुणी बघत नव्हतं, उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी ठेवला. माणूस असा असतो, स्वतःच घातलेल्या कुलपाची किल्ली त्याला सापडत नाही. त्या दिवशी त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी काकांनी सवयीनं झाकण सरकवलं, भिंग लावलं आणि ताठ झाले. भोकाच्या कडेला ओरखडे होते. ताजे, चमकणारे, केसाएवढे बारीक. कुणीतरी हे कुलूप उघडत होतं! एकदा नव्हे, रोज!

"अगं ए, घरात चोर येतोय!"

"काही गेलंय का?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"तसं काही नाही."

"मग येऊ देत बिचाऱ्याला."

काकांना चैन पडेना. ओरखडे आतल्या बाजूला होते. आतून कुलूप उघडणारा चोर म्हणजे आधीच आत असलेला चोर. मग आपणच झोपेत चालत जाऊन सलून गाठतो की काय, अशीही एक भयंकर शंका त्यांना चाटून गेली. पण ओरखड्यांचा कल डावीकडून होता, आणि काका उजवे. शेवटी त्यांनी पाळत ठेवायची ठरवली. जेवून आरामखुर्चीत पडले, वर्तमानपत्र तोंडावर घेतलं, त्याला बोटानं भोक पाडलं आणि घोरायला लागले. घोरणं इतकं हुबेहूब जमलं की मध्ये खरोखरच डोळा लागता लागता राहिला.

पावणेतीनला आतल्या खोलीचं दार करकरलं. गुडघे दुखतात म्हणून दुपारभर दार लावून पडणाऱ्या काकू बाहेर आल्या. अंगावर बाहेर जायचे कपडे, चपला हातात. घोरणाऱ्या नवऱ्याकडे एकदा बघितलं, अंगावरची चादर नीट केली आणि मांजराच्या पावलानं दाराशी गेल्या. दुखरे गुडघे खुशाल टेकले. केसातले दोन आकडे काढले, एक वाकवून ताण दिला, दुसरा डाव्या हातानं आत सरकवला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागल्या, "पहिली बसली... दुसरी बसली..."

हे काकांचे शब्द होते! बेचाळीस वर्षं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवं नवं कुलूप घेऊन काका असेच पुटपुटत, आणि काकू शेजारी बॅटरीचा उजेड धरून बसत. त्या नुसता उजेड धरतात असं काकांना वाटत होतं.

बायको कुठे निघाली हा विचार काकांच्या मनात आधी यायला हवा होता. आला तो असा, की तिसऱ्या पिनेवर जरा जास्तच जोर लावतेय. तेवढ्यात खट झालं आणि दार उघडलं. अकरा सेकंद! वर्तमानपत्राखाली काकांची छाती अभिमानानं फुगली, आणि दार लागल्यावर फुगली होती तितक्याच वेगानं बसली. बायको बाहेर होती, ते आत होते.

पाचला पाच कमी असताना बाहेरून खट झालं. काकू आत आल्या तर समोर काका, हाताची घडी घालून.

"कुठून आलीस?"

"सलूनमधून."

"सलूनमधून?"

"तुमची जागा रिकामी पडली होती. त्यांना चौथा गडी नव्हता, मला दुपार होती." काकूंनी पिशवीतून काड्यापेटी काढून टेबलावर ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. "सगळ्या जिंकलेल्या आहेत. पोस्टमन म्हणत होते, वहिनी, तुमच्या मिस्टरांपेक्षा तुमच्याशी खेळायला मजा येते."

"आणि... आणि तुला भीती नाही वाटली? पोरीला कळलं असतं तर?"

"पोरीनं कधी विचारलंय, आई कुठंय? ती विचारते, बाबा कुठेत." काकू खुर्चीत बसल्या. "बेचाळीस वर्षं तुम्ही दुपारचे बाहेर आणि मी घरात. तेव्हा दाराला आतून साधी कडी होती, तरी मी जात नव्हते. तुमच्यावर पहारा बसला आणि माझ्या ध्यानात आलं, अरे, माझ्यावर तर कुणाचंच लक्ष नाही. मग म्हटलं, जाऊन तरी बघू एवढं काय आहे तिथे." मग पाय लांबवून म्हणाल्या, "चहा फार छान असतो हो तिथला."

पंधरा दिवसांत छताकडे बघून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि समोर बेचाळीस वर्षं बसली होती. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तरी धंद्याचा नियम तो नियम, म्हणून शेवटचं अस्त्र त्यांनी काढलंच.

"सगळं खरं. पण मालक शेजारी उभा नसताना कुलपाला हात लावलास, हे काही बरं नाही केलंस."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या नासलेल्या दुधाकडे पाहत.

"उभा नसताना कसा? मीच नव्हते का उभी?"

दुसऱ्या दिवशी तीनला काकूंनी आधी मुलीला फोन केला. बाबा बरे आहेत, औषध घेतलं, तिघं शेजारी लक्ष ठेवून असतात, असं सगळं खरंखुरं सांगितलं. त्या तिघांतला एक दाढी करतो, एक चष्मे विकतो आणि एक पत्ते चोरतो, एवढं सांगायचं राहून गेलं. मग दोघं झोपलेत असं पोरीला वाटावं म्हणून दोन्ही फोन उशाशी ठेवले, त्यांवर पांघरूण घातलं आणि दाराशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एक सांगून ठेवते. खेळायची जागा माझी. तुम्ही मागे स्टुलावर बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. चहा एकच चमचा साखरेचा."

"म्हणजे तिथेही मी पाहुणाच!"

"क्रमांक एक," काकू म्हणाल्या. "आता उघडा. मालक उभी आहे."

काका दारापुढे बसले. आकडा आत घातला. चार सेकंद लागले.