रुक्माबाईचा अंगठा

खासबागच्या बाजारात रुक्माबाई वीस वर्षं भाजी विकत होती आणि तिनं कधी काटा मारला नव्हता. उलट वर मूठभर मेथी टाकायची. त्यामुळं बेळगावच्या दवाखान्यात तिनं जो प्रताप केला, त्यावर तिच्या गिऱ्हाइकांचा विश्वास बसला नसता.

तिचा नवरा भावकू तिथं रक्ताच्या आजारानं ॲडमिट होता. धाकट्या भावाची बोनमॅरो त्याला चढवली, ती मानवली, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर लिव्हरमधल्या बारीक शिरा तुंबल्या. पोट टम्म फुगलं. भेटायला आलेली मंडळी काचेतून बघून म्हणाली, "अंग धरलंय की भावकूनं." रुक्माबाई सुखावली. ते अंगात साठलेलं पाणी आहे, असं डॉक्टर माधवींनी तिला दोनदा सांगितलं. तिनं दोनदा मान डोलावली आणि मनावर काही घेतलं नाही.

मग शिरा मोकळ्या करणारं औषध सुरू झालं. दर सहा तासांनी, शिरेतून, दोन-दोन तास, निदान एकवीस दिवस. शिवाय रोज सकाळी वजन. आठव्या दिवशी ते उतरू लागलं आणि रुक्माबाई घाबरली. माणूस वाळत चालला की तो हातचा गेला, एवढंच तिला ठाऊक. असंच घटत राहिलं तर डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणतील, या भीतीनं तिला घास उतरेना.

अकराव्या सकाळी भावकूला आधार द्यायच्या निमित्तानं ती मागं उभी राहिली आणि पायाचा अंगठा हळूच काट्याच्या कडेवर टेकवला. वजन दोन किलोनं वाढलं. बाराव्या दिवशी अंगठा सरावला होता; आणखी दीड वाढलं.

डॉक्टर माधवी आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. "पोट तर उतरल्यासारखं वाटतंय, पण वजन चढतंय. औषध लागू पडत नाही, बंद करावं लागेल."

रुक्माबाई पुढं झाली. नर्स समोर, नवरा समोर. लाज गिळून ती म्हणाली, "डॉक्टरबाई, काटा मी मारला." आणि अंगठा पुढं करून दाखवला.

नर्सनं तोंड फिरवून हसू दाबलं. भावकू म्हणाला, "वीस वर्षांत गिऱ्हाईक फसवलं न्हाईस, आनि डॉक्टरीनच घावली व्हय गं तुला?"

डॉक्टर मात्र चिडल्या. "तुमच्या अंगठ्यापायी चांगलं औषध थांबवलं असतं मी." मग जरा शांत होऊन त्यांनी विचारलं, "पाणी मारलेली मेथी वजनाला भरते ना? म्हणून काय मेथी वाढली?"

हे रुक्माबाईला एका क्षणात कळलं. तिला स्वतःचाच राग आला.

भावकूला पुन्हा काट्यावर उभं केलं. या खेपेला रुक्माबाई दाराशी, हात जोडून. सगळ्यात फुगला होता त्या दिवसापेक्षा वजन साडेचार किलो कमी भरलं. तिनं डोळे पुसले आणि तिथूनच थोरल्या नणंदेला, जयाबाईला, फोन लावला.

"आक्का, साडेचार किलो उतरलेत बघा."

पलीकडं जयाबाईनं गळा काढला.

"रडताय काय," रुक्माबाई म्हणाली, "गल्लीत साखर वाटा."