धुलाईघराचा मेल

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं आणि बायकोच्या हातातली चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली.

“हे शून्य नाही, ओ आहे,” तो म्हणाला. “पुन्हा टाक.”

एकेक अक्षर तोंडाने म्हणत तिने पासवर्ड पुन्हा टाकला. फोनने पुन्हा नकार दिला. टेबलावर दोन कप चहा केव्हाच निवून गेला होता.

चौदा वर्षं ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी पिळत, वाळवत, घड्या घालत आली होती. उद्यापासून तिला तिथली प्रमुख म्हणून काम बघायचं होतं. कुठल्या वॉर्डाला किती चादरी, कोण कामावर, कोण रजेवर, सगळं आता मेलवर येणार होतं. “तेवढा मेल फोनवर सुरू करून या, काकू,” असं सहज म्हणत कारकुनाने शुक्रवारी पासवर्डची ती चिठ्ठी तिच्या हातात ठेवली होती.

“नको मला ती खुर्ची,” ती म्हणाली. “माझी इस्त्रीच बरी.”

“इस्त्री कुठे पळून चाललीय? कारकुनाला फोन लाव.”

“अहो, रविवार आहे.”

“आजारी पडला की त्यालाही तुझ्याच चादरी लागतात.”

कारकून वैतागला नाही. त्या दिवशी पाळी त्याचीच होती. “काकू, तुमचं खातं तर जुनं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही लागलात तेव्हाच उघडलेलं. जुना पासवर्ड आडवा येतोय. थांबा, नवा देतो.”

“माझं खातं होतं?” तिने विचारलं, पण तोवर तो अक्षरं सांगू लागला होता.

या खेपेला फोनने ऐकलं. पडद्यावर एक चक्र फिरलं आणि मेल एकाखाली एक पडू लागले, थांबेचनात. बॉयलर बंद राहणार असल्याची सूचना. आग विझवण्याचं प्रशिक्षण. सगळं होऊन गेलेलं. मध्ये मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा.

“बघा,” ती हसायला लागली. “दर वर्षी न चुकता. आणि मला पत्ताच नाही.”

“आणि मी एकदा विसरलो तर आठवडाभर बोलली नव्हतीस.”

हसता हसता तिचं बोट थांबलं. मोठ्या सिस्टरांचं नाव होतं. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

मुलीच्या बाळंतपणाला म्हणून आठ दिवस रजा काढून ती परतली, तेव्हा मोठ्या सिस्टर अचानक मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गाव सोडून गेल्या होत्या. रोज पाळी संपली की त्या खाली धुलाईघरात येत, गरम टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून चहा घेत. आठ वर्षं. आणि गेल्या त्या एक शब्द न बोलता. त्यानंतर ती चहा उभ्यानेच घेऊ लागली.

“तुम्हीच वाचा,” तिने फोन नवऱ्याकडे सरकवला.

त्याने सावकाश वाचलं. ‘तू रजेवर, आणि मी उद्या मुलाकडे निघालेय. तुझा नंबर मागितला तर कार्यालयाने हा पत्ता दिला. माझा नंबर खाली लिहिलाय. बाळ कसं आहे ते कळव. इतकी वर्षं मी खाली यायचे ते चहासाठी नव्हे, बरं का. तुझा चहा वाईटच असतो.’

तिने तळहाताने डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

“बाळ शाळेत जातं आता,” ती म्हणाली.

“मला काय सांगतेस? तिकडे सांग.”

तिने नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला.

“कोण?” आवाज थकला होता, पण तोच होता.

“सिस्टर, धुलाईघरातून बोलतेय.”



“काय गं,” सिस्टर म्हणाल्या, “संपली का तुझी रजा?”

तिने मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे जरा वेळाने तिच्या लक्षात आलं.

“संपली,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.